रेव्हरंड टिळकांचा दुसरा त्याग

पुरुषांनी धीट व्हावे, लढवय्ये व्हावे, घराची धुरा वाहावी, असे शिकवणारी पुस्तके आणि शिबिरे ख्रिस्ती जगतात, विशेषतः अमेरिकेत, गेली काही दशके जोरात आहेत. कल्पना जुनीच आहे. १९व्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली आणि थॉमस ह्यूज या लेखकांच्या नावांभोवती ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ उभी राहिली. मैदानावर घाम गाळणारा, निर्व्यसनी, निर्भीड तरुण हा तिचा आदर्श. त्यात एक गोम आहे. या आदर्शातला शत्रू कायम बाहेरचा असतो आणि बाहेरच्याशी भांडताना पाठीशी आपली माणसे उभी असतात. श्रद्धेतून आलेल्या धैर्याचा कस मात्र आपल्याच माणसांसमोर लागतो. त्याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

नारायण वामन टिळकांचे नाव निघाले की १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा आठवतो. कोकणातल्या करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण, संस्कृत जाणणारा, कवी म्हणून नाव होऊ लागलेला. त्या काळी असा माणूस ख्रिस्ती झाला की नातलग त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे होत. त्यांचे ते धाडस मोठेच होते, ते कमी लेखण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट सहसा मोजली जात नाही: एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते. अमेरिकन मराठी मिशनने त्यांना अहमदनगरला काम दिले, पगार दिला, पुढे पाळकपद दिले, ‘ज्ञानोदय’ या आपल्या नियतकालिकाच्या संपादनात स्थान दिले. जातीने टाकलेल्या माणसाला मिशनने मान दिला. मग १९१७ साली, म्हणजे २२ वर्षांनी, टिळकांनी त्या मिशनचीच नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते उघड सांगत. मराठी उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजले ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. परक्या मिशनच्या पैशावर आणि हुकमावर चालणारा धर्म इथल्या मातीत मूळ धरणार नाही, हे त्यांनी पगार घेणे थांबवून सांगितले. या वेळी त्यांना झेलायला कोणी हात पुढे केलेले नव्हते. माझ्या लेखी टिळकांचे मोठे धाडस हे आहे.

यावर कोणी म्हणेल, पंचावन्न उलटलेल्या नामांकित कवीला नोकरी सोडणे असे काय जड जाणार? जड जाणारच. त्या वयात माणूस सहसा आहे ते धरून ठेवतो, आणि टिळकांच्या गाठीला माया जमलेली नव्हती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबारही त्यांच्यामागे फार तगला नाही. फळ पाहूनच कृतीची किंमत करायची असेल तर हा प्रयोग फसला म्हणावे लागेल. पण मग ‘मिशनच्या पगारासाठी बाटला’ या जुन्या आरोपाला टिळकांइतके सडेतोड उत्तर दुसऱ्या कोणी दिले, तेही दाखवावे लागेल.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो खुद्द टिळकांच्या घरातून येतो. १८९५च्या त्यागाची किंमत कोणी मोजली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला उत्तर ठाऊक आहे. निर्णय नवऱ्याचा आणि वनवास लक्ष्मीबाईंचा. लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षे काढली, लोकांची बोलणी खाल्ली. हा भाग टिळकांच्या खात्यावर त्याग म्हणून जमा करता येणार नाही. दुसऱ्याच्या पदरचे देऊन टाकणे याला त्याग म्हणत नाहीत. पुरुषी धर्मशौर्याची पोवाडेबाजी नेमकी इथे फसते. घरच्या बाईला न विचारता तिचे सुख पणाला लावायचे आणि वर स्वतःला हुतात्मा म्हणवायचे, ही खोड काही एकाच धर्माच्या पुरुषांची नाही. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवूनच राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, जातिभेद देवाने केलेला नाही अशी खात्री पटल्यावर. टिळकांच्या बाजूने एवढे मात्र म्हणता येते, की त्यांनी तोवर बायकोचे सोवळे सांभाळू दिले. धर्मप्रचारक नवऱ्याला घरातच हार पत्करून थांबावे लागणे, हेही धैर्यच. त्याची शिबिरे मात्र कोणी भरवत नाही.

हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे, असे म्हणून सोडता येत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवले आणि हरित वसई संरक्षण समितीतून बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध उभे राहिले. धर्मगुरूने चर्च सांभाळावे, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते. वाडी विकून चार पैसे गाठीला बांधू पाहणाऱ्यांत आणि विहिरीचे पाणी टँकरला देणाऱ्यांत त्यांचे धर्मबांधवही होते, त्यामुळे हा विरोध केवळ परक्यांशी नव्हता. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा धमक्यांचे फोन आले. पाठदुखीने बेजार असतानाही ते गेले आणि बोलले. त्या धमक्यांची बातमी झाली. वसईतल्या वाईटपणाची एवढी झाली नाही, आणि तो त्यांना कितीतरी जास्त काळ सोसावा लागला. हे काम श्रद्धेशिवायही करता आले असते, हे खरे. समितीत सगळे ख्रिस्ती नव्हतेच. पण चर्चच्या आड सुखाने बसता येणारा माणूस बाहेर का आला, याचे उत्तर त्यांच्या श्रद्धेखेरीज दुसरीकडे सापडत नाही. आज रेल्वेच्या पूर्वेला इमारतींची दाटी आहे, म्हणजे बिल्डर बऱ्याच अंशी जिंकले. पश्चिमेकडच्या गावांत केळीच्या वाड्या अजून तग धरून आहेत, आणि त्यात या चळवळीचा वाटा आहे.