देणगी, वारसा आणि हत्यार

‘कोई मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) या विज्ञानपटांत प्रत्येक पुढचा भाग मागच्याहून सरस, असे वाईतील आमची तरुण मंडळी ठासून सांगतात. हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही.

पहिल्या भागात मंदबुद्धी म्हणून हिणवला गेलेला रोहित पृथ्वीवर एकट्या राहिलेल्या परग्रहवासी जादूला आसरा देतो. त्याला लाभणारे सामर्थ्य ही देणगी असते. दुसऱ्या भागात तेच सामर्थ्य पुत्राला, कृष्णाला, रक्तातून मिळते. तिसऱ्यात रोहितच्याच शरीराच्या अंशातून जन्मलेला काल प्रयोगशाळेत ‘मानवरां’ची फौज घडवतो. देणगीचा वारसा झाला आणि वारशाचे हत्यार!

तिथेही पिता पुत्रासाठी प्राण वेचतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो त्याग हाणामारीच्या गदारोळात हरवून जातो.

कृपा कमावता येत नाही, ती रक्तानेही उतरत नाही, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. मग घरी मुलांपुढे कोणता भाग ठेवावा? पालकहो, पडद्यावरील तंत्राची झगमग मोजू नका. दुबळ्याला आणि परक्याला तिथे कोणते स्थान आहे, तेवढे पाहा.