काबूलच्या अंगणातला हिशेब



ड्रोन हल्ल्यांवर लष्कराची अंतर्गत देखरेख पुरेशी आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे काबूलच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी ड्रोनने तिथे अंगणात शिरलेल्या पांढऱ्या टोयोटा कोरोलावर क्षेपणास्त्र डागले. गाडीत स्फोटके असल्याचा संशय होता. प्रत्यक्षात मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्याने त्या दिवशी तिच्यात पाण्याचे कॅन भरले होते. १० निरपराध जीव गेले, त्यांत ७ मुले. अमेरिकेचे तत्कालीन सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनी आधी हा हल्ला न्याय्य ठरवला; पत्रकारांनी चित्रफिती तपासून खरे समोर आणल्यावर १७ सप्टेंबरला पेंटागॉनने चूक कबूल केली.

चौकशी कोणी केली? हवाई दलाच्याच महानिरीक्षकांनी. शिक्षा एकालाही झाली नाही.

पत्रलेखकाने ‘पुरेशी’ हा शब्द मागे घ्यावा.

– एक वाचक