तबकडीवरचं कवीचं नाव

माळ्यावरच्या जुन्या तबकड्या भंगारात घालू नका, पालकहो. मुलांना त्या आधी वाचायला द्या, मग ऐकवा. हो, वाचायलाच! बहुतेक वेष्टनांवर गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं छापलेली असतात. मोबाईलवर गाणं लावलं की मुलांना गाणारा कळतो, लिहिणारा राहूनच जातो. 'ये रे घना' आशाताईंचं, एवढंच त्यांना ठाऊक. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, शब्द आरती प्रभूंचे. मराठीच्या तासाला मी ही नावं मुलांकडून मोठ्यानं वाचून घेते, मगच सुई टेकवते. "आरती प्रभू बाई होत्या का?" असं कुणीतरी विचारतंच. मग चिं. त्र्यं. खानोलकर हे खरं नाव फळ्यावर लिहायचं आणि कवितेकडे वळायचं.