घोडा का अडला?

भाकरी करपण्याचे, पान सडण्याचे आणि घोडा अडण्याचे कारण एकच : न फिरवणे. बिरबलाच्या नावावर खपणारे हे उत्तर आपण लहानपणीच पाठ केले. माथेरानच्या चढावर मे महिन्यात घोडा अडतो, तेव्हा मात्र ते चालत नाही. तिथला घोडा दिवसभर फिरतोच आहे. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत, बाजारपेठेतून पॉइंटांवर. पाठीवर कधी आपण, कधी हॉटेलचे सामान. मोटारींना बंदी असलेल्या या गावाने चाकांचे काम पिढ्यानपिढ्या घोड्यांच्या पायांवर सोपवले. आता ई-रिक्षा आल्या, तरी घोड्यांची रांग हटलेली नाही. घोडा अडला की आपण घोडेवाल्याकडे बघतो आणि घोडेवाला चाबकाकडे. घोड्याला शेवटचे पाणी केव्हा दाखवले, हा प्रश्न कोणीच का विचारत नाही? हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे, म्हणून हे मुद्दे.

१. घोड्याला पाणी किती लागते, याचा आपल्याला अंदाजच नाही. साधारण चारशे किलो वजनाचा घोडा सावलीत नुसता उभा राहिला, तरी त्याला दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी हवे. उन्हात चढ-उताराचे काम असेल, तर हीच गरज दुप्पट होते, कधी त्याहूनही वाढते. म्हणजे घरातल्या मोठ्या बादल्यांच्या हिशेबाने तीन-चार बादल्या, आणि त्याही सकाळ-संध्याकाळ दोनदा नव्हे, तर दिवसभरात विभागून. सुट्टीच्या हंगामात घोडा पहाटे तबेल्यातून निघतो आणि अंधार पडता परततो. मधल्या तासांत या बादल्या कुठून येणार, याची तजवीज नसेल, तर आपण घोड्यावर नाही, त्याच्या तहानेवर बसलेलो असतो.

२. घोड्याचा घाम माणसाच्या घामासारखा नसतो. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घोड्याचा जास्त खारट. कष्टाच्या कामात आणि कडक उन्हात तो तासाला दहा लिटरपर्यंतही घाम गाळू शकतो, आणि पाण्याबरोबर मीठही धो धो निघून जाते. याचा परिणाम उलटा होतो. रक्तातला खारटपणा वाढत नाही, म्हणून मेंदूला तहानेची वर्दी पोचत नाही. घोडा आतून कोरडा पडत असतो आणि बादलीकडे तोंड फिरवतो. घोडेवाला म्हणतो, ‘तहान नाही त्याला.’ चंदीत रोज मूठभर मीठ आणि तबेल्यात चाटायला खडा-मीठ, एवढ्यावर ही तहान जागी राहते. बादली समोर ठेवली की कर्तव्य संपले, असे मानणारा मालक अर्धेच काम करतो.

३. पाण्याची कसर आतड्यातून वसूल होते. हिरव्या गवतात तीन चतुर्थांश पाणी असते. वाळल्या गवतात आणि कडब्यात ते नावाला उरते. उन्हाळ्यात डोंगर करपला की घोडा वाळल्या चाऱ्यावर येतो, म्हणजे नेमका जेव्हा चाऱ्यातून पाणी मिळेनासे होते, तेव्हाच काम वाढते. मोठ्या आतड्यात साठवलेले पाणी शरीर शोषून घेते, चारा घट्ट होतो, आतड्याच्या वळणावर अडतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही. आत अडकलेले वर काढून टाकायची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. तो पोटाकडे वळून बघतो, खुराने जमीन उकरतो, लोळतो. अशा घोड्याला शस्त्रक्रियेसाठी न्यायचे म्हटले, तर आधी त्याच दुखऱ्या पोटाने दस्तुरीपर्यंत चालवायचे. दोन बादल्यांची बचत इतकी महाग पडते.

४. अज्ञानाला परंपरेचे नाव देऊ नका. ‘तापलेल्या घोड्याला पाणी दिले की पोट धरते’ हे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. पशुवैद्यकशास्त्राने ते केव्हाच निकालात काढले आहे : कामावरून आलेल्या घोड्याला स्वच्छ पाणी पिऊ द्यावे आणि अंगावरही ओतावे. उलट, थांबवून ठेवलेल्या घोड्याची पिण्याची इच्छाच विरते. दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रतीची. मोगलांचे घोडे पाणी पीत नसत, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. आजचा घोडा पाण्यावरून तोंड काढून घेतो, तेव्हा त्याला पाण्यात शेवाळ, प्लास्टिक आणि साबणाचा फेस दिसत असतो. त्या पराक्रमाचा अभिमान आपण जरूर बाळगू. पण या घाणीचे श्रेय कोण घेणार?

५. कायदा आहे, पण त्याला दात नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेल्या जनावराला पुरेसे पाणी न देणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये! ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम सांगतात, की दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा सदतीस अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन काम बंद. डोंगरावर पारा सदतिसाच्या आत राहिला, की हा शेवटचा नियम गप्प बसतो. पण कोकणाच्या माथ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि घोडा पस्तिशीच्या आतही होरपळतो. पॉइंटावरच्या दोन सरबतांच्या किमतीत मिटणारा गुन्हा हा गुन्हा नव्हे, परवानगीच आहे.

६. सगळा दोष घोडेवाल्याच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्याची वर्षाची कमाई हंगामाच्या थोड्या महिन्यांत व्हायची असते. पावसाळ्यात धो धो भिजणाऱ्या या डोंगरावर उन्हाळ्यात माणसांनाही पाणी मोजून वापरावे लागते. घोड्याला पाणी पाजायला फेरी सोडून परत जायचे, तर रांगेतला नंबर जातो. रस्त्यातच, फेरीच्या वाटेवर पाणी असेल, तर कोणता घोडेवाला आपले पोट भरणारे जनावर तहानलेले ठेवील? घोड्याला परवाना दिला जातो, पर्यटकाकडून प्रवेशकर घेतला जातो; मग त्या पैशातून घोड्याच्या वाट्याला काय येते, हे विचारायचा हक्क कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. ज्याच्या पाठीवर गावाचे पर्यटन चालते, त्याचे पाणी हा गावाचा खर्च आहे.

७. उपाय अवघड नाही, आणि नवाही नाही. जुन्या मुंबईत दानशूरांनी बांधलेल्या अनेक प्याऊंना खालच्या अंगाला जनावरांसाठी डोणी असत. व्हिक्टोरिया बग्गीचा घोडा आणि वाटसरू एकाच पुण्याईचे पाणी पीत. फक्त आज ती डोण जशीच्या तशी नको. अनेक घोड्यांनी एकाच डोणीत तोंड घातले, तर शेंबा म्हणजे ग्लँडर्ससारखा जीवघेणा आणि माणसालाही होणारा रोग पसरू शकतो. म्हणून हवा तो नळ, आणि प्रत्येक घोड्याची स्वतःची बादली. दस्तुरीच्या तळावर, बाजारपेठेत आणि गर्दीच्या पॉइंटांवर नळ, शेजारी सावली, आणि परवान्याच्या अटींतच दर फेरीनंतर पाण्याची विश्रांती. लाखोंच्या सुशोभीकरणात चार नळ बसत नसतील, तर तुटवडा पैशाचा नाही, लाजेचा आहे.

८. शेवटचा मुद्दा तुमचा-आमचा. पालखीच्या रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. तोच समाज नवरदेवाला घोड्यावर बसवून, बँडच्या दणदणाटात, तापल्या डांबरावर घोड्याला दोन-दोन तास उभा ठेवतो आणि वऱ्हाडाला फिरवलेल्या सरबताच्या ट्रेमागे त्याच्यासाठी एक बादली नसते. राज्यघटनेने सजीवांविषयीची करुणा नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातली आहे. ती मंडपाच्या दाराशी थांबते काय? पारख करायला पशुवैद्य लागत नाही. घोड्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती झटकन सपाट झाली तर ठीक. घडी तशीच राहिली, हिरड्या कोरड्या लागल्या, तर त्या घोड्यावर बसू नका. तहानलेल्या घोड्याची सवारी नाकारणारे गिऱ्हाईक शंभर नोटिसांपेक्षा जास्त काम करील.

म्हणून नागरिकहो, माथेरानला जा, पाचगणीच्या टेबललँडवर जा, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी जा. घोड्याचा भाव ठरवण्याआधी फक्त एक विचारा : ‘पाणी केव्हा दाखवले?’ उत्तर अडखळले, तर घोडेवाल्याला म्हणा, ‘आधी पाजून या, आम्ही थांबतो. या वेळेचे पैसेही देतो.’ आणि पाजायला जवळ नळच नाही असे तो म्हणाला, तर परत आल्यावर तिथल्या नगरपरिषदेला एक पत्र टाका. पत्राला वेळ नसेल, तर पॉइंटापर्यंत आपल्या पायांनी चाला.