शिकवणाऱ्याने शिकायचे कुठे?

‘तुझा दादा काय करतो रे?’ या प्रश्नाला मी गेली चार वर्षे ‘शिक्षक आहे’ असे उत्तर देत आलो आहे. ‘कुठल्या शाळेत?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. त्यावर मी ‘समुद्रात’ असे म्हटले की विचारणारे गृहस्थ प्रथम हसतात आणि मग, मी थट्टा करतो आहे असे वाटून, जरा रागावतात. पण यात थट्टा मुळीच नाही. माझा मावसभाऊ मालवणला स्कूबा डायव्हिंगचा प्रशिक्षक आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली कसे उतरावे, तेथे श्वास कसा घ्यावा आणि मुख्य म्हणजे सुखरूप वर कसे यावे, हे तो लोकांना शिकवतो. त्याचा वर्ग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तीन-चार वाव पाण्यात भरतो. विद्यार्थी दर अर्ध्या तासाने बदलतात. फळा नाही, खडू नाही, आणि पाण्याखाली तोंडाने बोलताही येत नाही. जे सांगायचे ते हाताच्या खुणांनी.

या शिक्षकाकडे पाहता पाहता माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो काही केल्या जाईना. दुसऱ्याला शिकवणारा हा माणूस स्वतः कुठे शिकतो? एकदा परवाना हाती आल्यावर त्याचे पुढचे शिक्षण कोण करते? प्रश्न मालवणच्या समुद्रातला असला तरी त्याचे उत्तर आपल्या कॉलेजच्या आवारातही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच.

प्रथम या विद्येचे गांभीर्य ध्यानात घेतले पाहिजे. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या खोलीवर छातीभर हवा घेऊन कोणी श्वास रोखला आणि तसाच वर आला, तर त्या हवेला दुप्पट जागा लागेल. फुफ्फुस काही रबरी फुगा नाही, ते फाटते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या शाळेतला पहिला धडा. हा धोका खोल पाण्यातच असतो असेही नाही. पुरुषभर पाण्यातूनही श्वास रोखून झटकन वर येणे घातक ठरू शकते. शिवाय खोल पाण्यात बराच वेळ राहिले की हवेतला नायट्रोजन रक्तामांसात विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे शरीरात होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे शास्त्र रुळले. सांगायचा मुद्दा असा की, या विषयात शिक्षकाची चूक डस्टरने पुसता येत नाही.

मग असा शिक्षक होतो कसा? त्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी साधा पाणबुड्या, मग त्यापुढची पायरी, मग दुसऱ्याला वाचवण्याचे शिक्षण, मग डाइव्हमास्टर आणि त्यानंतर प्रशिक्षक. ‘पॅडी’ या जगभर पसरलेल्या संस्थेचा प्रशिक्षक व्हायचे तर परीक्षेपूर्वी निदान शंभर बुड्यांची नोंद वहीत असावी लागते, आणि ज्याने शिकवले तो परीक्षा घेत नाही. परीक्षक बाहेरचा असतो. आपल्या महाराष्ट्रातही तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने हे शिक्षण देणारी संस्था उभी केली आहे. हे सारे स्तुत्यच आहे. परंतु खरा प्रश्न परीक्षेनंतरचा आहे. वार्षिक वर्गणी भरली की परवाना चालू राहतो. पण वर्गणीची पावती आणि वाढलेले ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षे शिकवणाऱ्याजवळ दहा वर्षांचा अनुभव असतो की एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा, हे कोणी तपासायचे?

या ठिकाणी दादाचीच एक हकिकत सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे.

एका डिसेंबरात त्याच्या होडीवर एक भारदस्त गृहस्थ आले. मिशा अगदी झुपकेदार. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो; मिशीच्या केसांतून फट राहते आणि पाणी आत झिरपते. वर गिऱ्हाइकांची रांग होती, तांडेल घाई करीत होता. दादाने त्यांना एक-दोन खुणा सांगितल्या आणि खाली नेले. मास्कमध्ये पाणी शिरले, नाकात गेले. गृहस्थ गांगरले, त्यांनी मास्क ओरबाडून काढला, तोंडातली नळी सोडली आणि वर झेप घेतली. दादाने सिलिंडर धरून त्यांना रोखले, नळी पुन्हा तोंडात दिली, छातीवर हात ठेवून श्वास सोडायला लावला आणि हळूहळू वर आणले. दैव बलवत्तर, काही झाले नाही. होडीवर थोडी हसाहशी झाली. गृहस्थांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. दादाने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. का सांगावी? ‘अमक्याच्या होडीवर माणूस बुडत होता’ अशी आवई उठायला किनाऱ्यावर कितीसा वेळ लागतो?

दोन वर्षांनी शेजारच्या होडीवरील एका नवख्या मुलाच्या हातून हेच घडले. तशाच मिशा, तशीच रांग, तशीच घाई. फरक इतकाच की, त्याच्या गिऱ्हाइकाला इस्पितळात न्यावे लागले. तो माणूस बरा झाला. पण तो मुलगा त्यानंतर पाण्यात उतरला नाही. आता तो गोव्याला हॉटेलात काम करतो. त्या रात्री दादा जेवला नाही. “माका तेव्हाच सांगूक व्हया होता,” एवढेच म्हणाला.

काय सांगायला हवे होते? फार मोठे शास्त्र नव्हे. गिऱ्हाइकाला आधी कमरेइतक्या पाण्यात उभे करावे, मास्कमध्ये मुद्दाम थोडे पाणी घ्यायला लावावे, नाकाने जोरात श्वास सोडून ते बाहेर घालवायला शिकवावे, आणि मिशीवर थोडे व्हॅसलिन लावावे. पाच मिनिटांचे काम. दादा हे त्या डिसेंबरातच शिकला होता. पण त्याचे शिक्षण त्याच्यापाशीच राहिले, आणि तेच शिकण्यासाठी दुसऱ्याला आपली उमेद खर्ची घालावी लागली.

या विद्येचा इतिहास पाहिला तर ती वाढली ती एकमेकांना सांगण्यातूनच. फ्रान्समध्ये १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या जोडीने पाण्याखाली मागणीप्रमाणे हवा देणारे उपकरण तयार केले. पुढे ते बाजारात आले, लोक विकत घेऊ लागले, पण शिकवणार कोण? १९५४ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याची काही माणसे स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत कॉन्रॅड लिंबॉ यांच्याकडे शिकायला गेली. लिंबॉ तेथील संशोधकांना पाण्याखाली काम करण्याचे शिक्षण देत. ती मंडळी परत आली आणि त्यांनी परगण्यातर्फे प्रशिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तिकडे ‘स्किन डायव्हर’ नावाच्या मासिकात नील हेस हे प्रशिक्षकांसाठी एक सदर चालवीत. गावोगावच्या प्रशिक्षकांनी आपण काय व कसे शिकवतो ते लिहून पाठवावे आणि ते इतरांच्या नजरेखालून जावे, अशी ती कल्पना. या दोन प्रवाहांतून १९६० साली ‘नाउई’ ही प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी ह्यूस्टन येथे तिचा पहिला अभ्यासक्रम झाला. ज्या संघटनेचे परवाने पुढे जगभर चालले, तिचे एक मूळ मासिकातल्या सदरात आहे, ही गोष्ट वार्षिकांकात लिहिणाऱ्या आपणां सर्वांना सुखावणारी नाही काय?

त्याच १९६० सालची दुसरी गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. मार्च महिन्यात ते लिंबॉ, शिक्षकांचे शिक्षक, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर मीऊ येथील पाण्याखालच्या गुहेत शिरले, वाट चुकले आणि परत आले नाहीत. जाणकारांतला जाणकार माणूस! समुद्र कोणाची पदवी पाहत नाही, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कोण सांगू शकेल?

इंग्लंडमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब स्थापन झाला. तेथे प्रामुख्याने क्लबाचे अनुभवी सभासदच, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, नव्यांना शिकवतात. हा क्लब पाण्याखालील अपघातांचा आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचा वार्षिक अहवाल छापतो. त्यात माणसांची नावे नसतात. काय घडले आणि कसे घडले, एवढेच असते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९८० साली पाणबुड्यांच्या अपघातप्रसंगी वैद्यकीय सल्ला देण्यासाठी एक यंत्रणा निघाली. ती आज ‘डॅन’ या नावाने ओळखली जाते आणि तीही अपघातांची माहिती गोळा करून अभ्यासते. नाव गाळायचे आणि चूक ठेवायची! आपण नेमके याच्या उलट करतो. चूक लपवतो आणि कुजबुजीत नाव मात्र गावभर करतो.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सगळे ठीक आहे, पण मालवणचा किनारा म्हणजे काही क्लब नव्हे, तो पोटाचा धंदा आहे. शेजारच्या होडीशी स्पर्धा असताना आपली चूक त्याला सांगायची म्हणजे त्याच्या हाती कोलीत देणेच की!’ हा आक्षेप पोकळ नाही. मोसम आठ-नऊ महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे. दरात चढाओढ सुरू झाली की पहिली कात्री लागते ती त्या पाच मिनिटांनाच. तरीही मला वाटते की हा हिशेब अपुरा आहे. वर्तमानपत्रात अपघाताची बातमी येते तेव्हा वाचणाऱ्याच्या लक्षात होडीचे नाव राहत नाही. ‘मालवण’ हे नाव राहते. गिऱ्हाईक एकाच्या होडीवरून कमी होत नाही, किनाऱ्यावरूनच कमी होते. तेव्हा शेजाऱ्याचा कच्चा प्रशिक्षक हा आपलाही तोटा आहे. हीच गोष्ट प्रवाळाची. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकाने फोटोसाठी गिऱ्हाइकाला प्रवाळावर उभे राहू दिले, तर मोडलेला प्रवाळ सर्वांचाच मोडतो.

आणि हे आपल्या मातीला परके आहे असे तरी कुठे आहे? आमच्याकडचा दशावतार पाहा. तेथे लिहिलेली संहिता नसते, नाट्यशाळा नसते. संवाद उभ्या जागी सुचावे लागतात. तरी ही कला टिकली, कारण नव्या नटाच्या आजूबाजूला जुने नट असतात. प्रयोग संपल्यावर रात्रीच्या प्रवासात राजपार्टी नवख्याला सुनावतो, ‘आज तू तिथे अडलास, उद्या असे बोल.’ कंपन्यांत स्पर्धा नाही असे नाही; पण कंपनीच्या आत तरी कोणी एकटा नसतो.

दादाने त्या प्रसंगानंतर एक साधी गोष्ट केली. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, होड्या किनाऱ्यावर झापांखाली असतात. अशा एका आषाढात त्याने वेगवेगळ्या होड्यांवरील सहा प्रशिक्षकांना आपल्या घरी बोलावले. चहा झाला, भजी झाली. मग त्याने मिशीवाल्या गृहस्थांची हकिकत सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपली चूक न झाकता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने घसा खाकरला आणि ‘माझ्या हातूनही एकदा…’ अशी सुरुवात केली. मी तेव्हा सुट्टीत तेथेच होतो आणि भजी पोचवण्याच्या निमित्ताने दाराशी रेंगाळत होतो. रात्री अकरापर्यंत ती मंडळी बसली होती. त्यांचा मोबाईलवर गट आधीपासून होता. पण त्यावर सुप्रभात आणि वाढदिवस यांपलीकडे काही येत नसे. समोरासमोर बसल्याखेरीज माणूस आपली चूक सांगत नाही, हे मला त्या रात्री कळले.

आता ती बैठक दर पावसाळ्यात होते. एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रसंग लिहितात, नाव लिहीत नाहीत. मोसमात एखाद्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या होडीवर जाऊन त्याचे शिकवणे नुसते पाहायचे, असेही ठरले आहे. सर्वच येतात असे नाही. काही मालकांना हे आवडत नाही. मोठी क्रांती झाली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण कमरेइतक्या पाण्यातली ती पाच मिनिटे त्या सहाही होड्यांवर आता कोणी गाळत नाही, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझे मत एवढेच की, परवाना हा शिक्षकाच्या शिक्षणाचा शेवट मानू नये, आणि हे पुढचे शिक्षण कोणतीही संस्था एकटी देऊ शकत नाही. संस्था अभ्यासक्रम देईल, शासन नियम करील, तपासणीस येऊन सिलिंडर तपासतील. त्या सर्वांची गरज आहेच. परंतु ‘माझ्या हातून काल असे झाले’ हे वाक्य ज्याच्यापुढे निर्भयपणे उच्चारता येईल असा बरोबरीचा माणूस, नियमाने पुरवता येत नाही. तो प्रशिक्षकांनीच एकमेकांना पुरवायचा असतो. त्यासाठी पहिल्यांदा बोलण्याचे धैर्य ज्येष्ठाने दाखवले पाहिजे. नवख्याने आपली चूक कबूल केली तर त्याची नोकरी जाते; ज्येष्ठाने केली तर प्रथा पडते.

प्राध्यापकमंडळी रागावणार नसतील तर शेवटी एक विचारतो. आपल्याकडे तास बिघडला तर कोणाचे फुफ्फुस फाटत नाही, हे खरे. पण न समजलेल्या तासाखाली गुदमरलेली मुले मागच्या बाकांवर असतात. ती ओरडत नाहीत, फक्त यायची थांबतात. त्यांच्याविषयी स्टाफरूममध्ये कधी बोलणे निघते का? एखादे सर दुसऱ्या सरांच्या तासाला, नुसते पाहायला म्हणून, मागे येऊन बसतात का? आणि आपण विद्यार्थी, उद्या आपल्यापैकी कितीतरी जण कोणत्या ना कोणत्या शाळेत उभे राहणार आहोत. आपण तरी आपल्या अडचणी मित्रांसमोर मोकळेपणाने मांडतो का?

येत्या आषाढात मी दादाकडे जाणार आहे. या खेपेस दाराशी न रेंगाळता आत बसू देण्याचे त्याने कबूल केले आहे. भजी मात्र मलाच तळावी लागणार आहेत.