चष्मेवाल्याच्या कानाचीही चौकशी हवी

कान हा माणसाला ऐकण्यासाठी मिळाला. चष्म्याची खुंटी म्हणून आपण त्याला जादा कामाला लावले. हे काम तो बिनतक्रार करीत आला. परंतु हल्ली त्याच खुंटीवर आणखी एक ओझे येऊन बसले आहे, ते म्हणजे हेडफोन. मोबाइलवर धडे ऐकणारी मुले, कॉल सेंटरात आठ-आठ तास बोलणारे तरुण, घरच्यांची झोपमोड नको म्हणून रात्री कानाला लावून बातम्या ऐकणारे आजोबा, या सर्वांच्या डोक्यावर तो दिसतो. त्यांतील पुष्कळांना चष्माही असतो. दोन्ही एकत्र आले की थोड्याच वेळात कानामागे ठणका लागतो. ही तक्रार बहुधा हसण्यावारी नेली जाते. आम्हांला ती हसण्याजोगी वाटत नाही. का, ते वाचकांपुढे मांडतो.

प्रथम दुखते कशाने ते पाहू. हेडफोनची कमान दोन्ही बाजूंनी डोक्याला चिमट्यासारखी दाबते; तशी दाबल्यावाचून ती टिकणार नाही. हा दाब एरवी सबंध गादीवर पसरतो. गादी आणि डोके यांच्यामध्ये चष्म्याची काडी आली म्हणजे तोच दाब एका बारीक रेघेवर येतो. कानाच्या मागे मांस फारसे नाही, कातडीखाली लगेच हाड. म्हणून काडी रुतते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेच्या २०१८ सालच्या वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी वेगळी नोंदलेली आहे. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात ती येते, जेथे दाब तेथेच अधिक जाणवते, आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबते. ही खूण ध्यानात ठेवावी. हेडफोन काढूनही डोके दुखतच राहिले तर कारण दुसरे आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

पण दुखणे हे अर्धेच नुकसान. दुसरे अर्धे दुखत नाही, म्हणूनच ते अधिक वाईट. काडीमुळे गादी कातडीला नीट टेकत नाही. तेथे फट राहते. त्या फटीतून आतला भरदार आवाज बाहेर निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज कमी आहे. तो बटण वर चढवितो. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, आठवड्याला ४० तास ऐकायचे तर मोठ्या माणसाने ८० डेसिबलच्या आणि मुलांनी ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास. बोटाने बटण दोन घरे सरकविणे सोपे. त्याचा हिशोब असा चुकवावा लागतो. कानाच्या आतल्या शंखात ज्या केसाळ पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. डोळ्याचा नंबर वाढला तर काच बदलता येते. कानाला असा सोपा बदल नाही.

मग चष्मेवाल्याने काय करावे? काही जण म्हणतात, चष्मा काढून ठेवावा. मुले हेच करतात, आणि मग डोळे बारीक करून, नाक पडद्याला लावून वाचीत बसतात. कानाची सोय डोळ्याकडून वसूल करणे हा उपाय नव्हे. आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे.

हेडफोन दुकानात चष्मा घालूनच लावून पाहावा, आणि निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. पहिल्या दोन मिनिटांत सर्वच हेडफोन मऊ वाटतात. कानावर टेकणारा लहान गादीचा प्रकार चष्मेवाल्याला सर्वांत त्रासाचा, कारण त्यात कानाची पाळी काडीवर चेपली जाते. संपूर्ण कान ज्यात मावतो असा, खोल, रुंद आणि मऊ गादीचा घ्यावा. मऊ स्पंज काडीभोवती दबून फट कमी करतो. वजनही पाहावे. १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन निघाला तेव्हा त्याबरोबरचा हेडफोन ५० ग्रॅमच्या आसपास होता. आज ॲपल कंपनीचा एक नामांकित महागडा हेडफोन ३८० ग्रॅमच्या वर भरतो. किंमत जास्त म्हणजे सुख जास्त, असा नियम नाही. आपल्याकडच्या उकाड्यात रेक्झिनसारखी गादी घामाने चिकटते. कापडी गादी मिळाल्यास ती बरी.

चष्म्याकडेही पाहावे. जाड प्लॅस्टिकच्या काडीपेक्षा बारीक, लवचीक, धातूची काडी कमी रुतते आणि फटही लहान राहते. पुढच्या वेळी फ्रेम बदलताना चष्मेवाल्या दुकानदाराला हे सांगावे. काडीचा बाक तो तेथल्या तेथे दुरुस्त करून देतो. घरी असलेला हेडफोन फार आवळत असेल आणि त्याची कमान धातूची असेल, तर डोक्याच्या रुंदीएवढ्या पुस्तकांच्या चवडीवर तो रात्रभर ताणून ठेवावा. प्लॅस्टिकच्या कमानीवर हा प्रयोग करू नये, ती मोडते. तासाला पाच-दहा मिनिटे कान मोकळे सोडावेत, आणि आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा.

आता शेताकडे वळू, कारण हाच प्रश्न तेथे अधिक गंभीर आहे. खानापूर-चंदगडकडच्या काजूच्या बागांत हल्ली विळ्याऐवजी ब्रश कटरने गवत काढतात. भातशेतीत पॉवर टिलर, खळ्यावर मळणी यंत्र. पेट्रोलच्या ब्रश कटरचा आवाज चालविणाऱ्याच्या कानाशी ९५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली घालून दिलेली मर्यादा दिवसाला ८५ डेसिबल, ८ तास अशी आहे. त्याच हिशोबाने ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे मिळतात. कोणी शहाणा शेतकरी आवाज अडविणारे इअरमफ विकत आणतो, पण चष्म्यामुळे तेथेही तीच फट पडते आणि डब्यावर छापलेले संरक्षण प्रत्यक्षात मिळत नाही. दुखू लागले की ते मफ गोठ्याच्या खुंटीला जाते.

अशा वेळी चष्मेवाल्याने कानात बसणारे स्पंजचे बोळे वापरावेत. त्यांचा काडीशी काही संबंध येत नाही. स्वच्छ हातांनी बोळा वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कापूस कोंबल्याने आवाज फारसा अडत नाही. कान वाहत असेल तर मात्र बोळे घालू नयेत. आणि नंबरचा चष्मा म्हणजे उडणाऱ्या खड्यापासून डोळ्यांचे रक्षण नव्हे. त्यासाठी तोंडावरची जाळी किंवा चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल हवाच.

येथवर एकेकट्याने करावयाचे झाले. परंतु आमचा खरा आग्रह खरेदी करणाऱ्यांकडे आहे. शाळेची संगणक खोली असो, कॉल सेंटर असो, की मजुरांना यंत्र देणारा बागमालक असो, तेथे एकाच मापाचे पन्नास नग घाऊक येतात. दुकानदाराला विचारतात, ‘आवाज स्वच्छ येतो ना? भाव किती?’ वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना चष्मा आहे, हे कोणी मोजीत नाही. मग ज्याचे दुखते तो बोलत नाही. नोकरी नवी असते, मूल भिते, मजुराला वाटते आपल्यालाच नाजूकपणा आला. चौकशी करणे हे देणाऱ्याचे काम आहे, मागणे हे घेणाऱ्यावर टाकू नये. पन्नासांत दहा नग मऊ आणि मोठ्या गादीचे घेतल्याने कोणी बुडत नाही.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न असताना हे काय घेऊन बसलात? परंतु ज्या कानावर आज पोट चालते, तो चाळिशीतच मंद झाला तर पोटाचाही प्रश्न उभा राहतो. तेव्हा घरातील मुलाने हेडफोन काढल्यावर कानामागे हात फिरवून पाहावा. तांबडी रेघ उमटली असेल तर त्याला रागावू नये. हेडफोन बदलावा, आणि बटण कोठवर चढविले होते तेही एकदा पाहून घ्यावे.