रांगेत पुढे कोण? ज्याचं बिल मोठं!

मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो वननं मरोळ नाका आणि मग भुयारी मेट्रोनं एक स्टेशन, की आलं टी-टू. चुलतबहिणीच्या हळदीला नागपूरला निघाले होते. पाठीवर सॅक, हातात छोटी ट्रॉली आणि ट्रॉलीत आईनं बांधून दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा. गेटवर मी बोर्डिंगच्या तासभर आधी हजर! पण घोषणा सुरू झाल्या आणि लक्षात आलं, आपण लवकर येण्याला इथे काही किंमत नाही. आधी बिझनेस क्लास, मग कार्डवाले, मग प्रायॉरिटीचे पैसे भरलेले, मग एकेक करून बाकीचे झोन. माझा झोन सगळ्यात शेवटचा. आत शिरेपर्यंत डोक्यावरचे कप्पे गच्च भरलेले. 'मॅडम, बॅग खाली जाईल,' असं म्हणून ट्रॉलीला टॅग लागलासुद्धा. माझ्यानंतर पंचवीस मिनिटांनी लाउंजमधून रमतगमत आलेल्या काकांची बॅग मात्र त्यांच्या डोक्यावर निवांत. त्यांच्याकडे कार्ड होतं, माझ्याकडे फक्त वेळेवर यायची सवय.

लाडू सुखरूप पोचले, त्यामुळे तक्रार तशी काही नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. विमानात आधी कोण चढणार आणि नेहमीच्या प्रवाशाला काय मिळणार, हे ठरतं कसं? गेल्या दोनेक वर्षांत भारतातल्या दोन्ही मोठ्या विमान कंपन्यांनी नेमकी हीच गणितं नव्यानं मांडली आहेत.

किलोमीटर गेले, रुपये आले

'फ्रीक्वेंट फ्लायर' ही कल्पना रुजवली ती अमेरिकन एअरलाइन्सनं, मे १९८१ मध्ये. हिशोब सोपा होता. जितके मैल उडाल तितके 'माइल्स' खात्यात जमा आणि पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. म्हणून तर आजही सगळे 'माइल्स' म्हणतात. पण २०१५ मध्ये तिथल्याच डेल्टानं मैल मोजणं सोडून तिकिटावर किती डॉलर खर्च केले ते मोजायला सुरुवात केली. इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या.

ती लाट आपल्याकडे आली २०२४ मध्ये. एप्रिलमध्ये एअर इंडियानं आपली 'फ्लाइंग रिटर्न्स' योजना बदलली. अंतराऐवजी खर्च केलेल्या रुपयांवर पॉइंट. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे सदस्यही याच योजनेत आले आणि तिचं नाव झालं 'महाराजा क्लब'. दुसरीकडे इंडिगो. २००६ पासून १८ वर्षं या कंपनीनं अशी स्वतःची योजनाच चालवली नव्हती. वेळेवर विमान आणि स्वस्त तिकीट, एवढंच आमचं इनाम, असा तो खाक्या. तिनंही २०२४ मध्ये बिझनेस क्लाससोबत 'ब्लूचिप' आणली. तिथेही हिशोब खर्च केलेल्या दर शंभर रुपयांमागे.

यात गंमत काय आहे बघा. समजा, मी दोन महिने आधी मुंबई-नागपूर तिकीट साडेतीन हजारांत काढलं. माझ्या शेजारच्या सीटवरच्या साहेबांच्या ऑफिसनं तेच तिकीट आदल्या रात्री दहा हजारांना घेतलं. विमान एक, अंतर एक, सँडविचसुद्धा एकच. पण पॉइंट त्यांना माझ्या जवळपास तिप्पट. कंपनी म्हणेल, 'ज्यानं जास्त पैसे दिले त्याला जास्त परत, यात चुकलं काय?' खरंच, दुकानदारीच्या हिशोबानं चूक काहीच नाही. पण पैसे दिले ऑफिसनं आणि पॉइंट जमा झाले साहेबांच्या नावावर, हे विसरायचं नाही. सगळा खेळ याच माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे. तिकिटाची किंमत बघायची गरज ज्याला पडत नाही, तो गिऱ्हाईक म्हणून सगळ्यात फायद्याचा. आपल्यासारखी स्वस्त तिकीट शोधत चार अ‍ॅप उघडून बसणारी पोरं या योजनेत फक्त आकडा वाढवायला.

महाराजाचीच गोष्ट घ्या. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये त्याला जन्म दिला, इथेच, मुंबईत. तो वाकून नमस्कार करायचा तो येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला. आता महाराजाचा क्लब आहे आणि क्लबात पायऱ्या आहेत. रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. नमस्कार किती वाकून करायचा, ते पायरी बघून ठरणार.

आधी चढण्याचं दुकान

आता बोर्डिंगकडे येऊ. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे एका वेळी वापरात एकच. त्यामुळे इथे एकेका मिनिटाला किंमत आहे. मग प्रवासी पटापट चढावेत म्हणून सगळ्यात चांगली पद्धत कोणती? जेसन स्टेफन नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञानं २००८ मध्ये याचं गणित मांडलं. मागच्या रांगांपासून सुरुवात करायची, आधी खिडकीवाले, मग मधले, मग कडेचे, आणि तेही एक रांग सोडून एक, म्हणजे बॅगा ठेवताना कुणी कुणाला अडत नाही. कागदावरही आणि प्रत्यक्ष चाचणीतही ही पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा वेगवान ठरली.

पण कंपन्या ती जशीच्या तशी वापरत नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे 'आधी चढणं' ही आता विकायची वस्तू आहे. इंडिगोची 'फास्ट फॉरवर्ड' सेवा वर्षानुवर्षं हेच विकते. जास्तीचे पैसे भरा, चेक-इन आणि बोर्डिंगला पुढे या. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण सात किलोची एक हँडबॅग नेता येते. पण सगळ्यांच्या बॅगा वरच्या कप्प्यात मावतीलच असं नाही. कप्पा कमी पडतो, म्हणून पुढच्या नंबराला भाव येतो.

एकेकाळी याच्या अगदी उलटं होतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनमध्ये सीट नंबरच नसायचा. जो आधी चढेल, त्याची खिडकी. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं तर ही पद्धत पन्नासएक वर्षं चालवली. तिनंही २७ जानेवारी २०२६ पासून सीट ठरवून द्यायला सुरुवात केली आणि बोर्डिंगचे आठ गट पाडले. महागडं तिकीट किंवा वरचा दर्जा असेल तर पुढचा गट. मोकळ्या रांगेचा शेवटचा मोठा बुरूजही ढासळला म्हणायचा.

मामाच्या पाकिटातलं कार्ड

माझ्या मामाच्या पाकिटात अजून जेट एअरवेजचं सोनेरी कार्ड आहे. औषध कंपनीत असताना महिन्याला दोन दिल्ली वाऱ्या व्हायच्या, तेव्हाचं. मामी म्हणते, 'टाकून द्या ते.' मामा म्हणतो, 'असू दे गं, आठवण आहे.'

अंधेरीच्या सहार रोडवरच्या सिरोया सेंटरमधून चालणारी ती जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यातले कितीतरी अंधेरी-विलेपार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतच्या पट्ट्यात राहणारे. पण विमानं थांबली तरी 'जेटप्रिव्हिलेज' मेली नाही. ती वेगळी कंपनी होती. २०१३ मध्ये अबूधाबीच्या एतिहादनं जेटचा २४ टक्के हिस्सा ३७.९ कोटी डॉलरला घेतला होता आणि पुढच्याच वर्षी या पॉइंटवाल्या कंपनीचा ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरला. विमानाशिवाय नुसत्या पॉइंटांना एवढी किंमत! जेट बंद पडल्यावर त्याच वर्षी ही योजना 'इंटरमाइल्स' नाव घेऊन पुन्हा उभी राहिली.

हे शक्य झालं, कारण पॉइंट हे विमान कंपनीनं छापलेलं चलन असतं आणि त्याची मोठी गिऱ्हाइकं असतात बँका. क्रेडिट कार्डावर तुम्हाला पॉइंट देण्यासाठी बँक ते विमान कंपनीकडून पैसे मोजून घेते. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी असताना अमेरिकेतल्या युनायटेड आणि डेल्टानं याच योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभारलं होतं.

पण प्रत्येक चलनाचं नशीब असं नसतं. विलेपार्ल्याचं 'किंगफिशर हाऊस' आठवतंय? ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला. विमानंच नाहीत तर 'किंग क्लब'चे पॉइंट घालायचे कुठे? कर्जवसुलीसाठी ही इमारत २०१६ मध्ये १५० कोटींना लिलावात काढली, ती विकली गेली २०२१ मध्ये, ५२ कोटींच्या आसपास. उशिरा का होईना, इमारतीचे काहीतरी आले.

पास आणि पॉइंट

आता आपल्या लोकलकडे या. नेहमीच्या प्रवाशाला सवलत देणारी मुंबईची सगळ्यात जुनी योजना म्हणजे आपला पास. सेकंड क्लासच्या मासिक पासाचा हिशोब साधारण १५ फेऱ्यांच्या भाड्याचा असतो. महिन्याला पन्नास फेऱ्या मारा, नाहीतर साठ. साहेब असा वा शिपाई, बोरिवली-चर्चगेट पास सगळ्यांना त्याच भावात. जून २०१४ मध्ये रेल्वेनं हा हिशोब १५ ऐवजी ३० फेऱ्यांवर न्यायचं ठरवलं. म्हणजे पास थेट दुप्पट! उपनगरांत असा संताप उसळला, की सत्ताधारी खासदारच दिल्लीत गाऱ्हाणं घेऊन पोचले आणि चार-पाच दिवसांत निर्णय मागे घेतला गेला.

विमानाच्या पॉइंटचा हिशोब बदलला की असं काही होत नाही. एक ई-मेल येतो, 'आम्ही तुमच्यासाठी काहीतरी नवीन आणत आहोत,' आणि खाली बारीक अक्षरात नियम. ते बदलायचा अधिकार सही करतानाच आपण कंपनीला देऊन बसलेलो असतो. आणि रागावून जाणार कुठे? २०२५ च्या बहुतेक महिन्यांत देशांतर्गत प्रवाशांमध्ये इंडिगोचा वाटा साठ टक्क्यांच्या वर होता. एअर इंडिया समूह मिळवला तर दोघांचा मिळून नव्वदच्या आसपास. 'निष्ठा' म्हणायला निदान चार-पाच पर्याय तरी समोर हवेत ना!

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण म्हणजे आपलं वय. पहिली नोकरी लागते, सीप्झला नाहीतर नेस्कोला, आणि पहिल्या पगारासोबत फोन येतो. 'सर, लाउंज फ्री, माइल्स फ्री, प्रायॉरिटी बोर्डिंग फ्री.' २०२४ पासून अनेक बँकांनी तो 'फ्री' लाउंजसुद्धा आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच, असा करून टाकला आहे. कार्डाचं बिल थकलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला चाळीसच्या घरात. त्या व्याजात जाणाऱ्या पैशात कितीतरी लाउंजमधले इडली-वडे विकत खाऊन होतील. पॉइंट मिळतायत म्हणून खर्च करायचा नाही. खर्च होणारच असेल तर मिळतील ते पॉइंट घ्यायचे आणि साठवत न बसता वापरून टाकायचे. मामाच्या कार्डासारखी आठवण करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणि एक गोष्ट कार्डाशिवाय मिळते, ती माहीत हवी. विमानात जास्त तिकिटं विकली गेली आणि तुम्हाला चढू दिलं नाही, तर डीजीसीएचे नियम तुमच्या बाजूनं आहेत. कंपनीनं आधी स्वखुशीनं मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही तुम्हाला अडवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्यावी लागते. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, कमाल वीस हजार. यात रेड, गोल्ड, प्लॅटिनम असा भेद नाही. सगळ्यात स्वस्त तिकिटावरच्या शेवटच्या झोनमधल्या मुलीलाही तेवढाच हक्क.

गोल्ड कार्डाचा फायदा कंपनी देते आणि कंपनीच काढून घेते. पासाचा आणि भरपाईचा नियम मात्र सगळ्यांसाठी एक असतो, म्हणून तो बदलायला कुणी गेलं तर सगळे मिळून ओरडू शकतात. २०१४ मध्ये उपनगरांनी ते करून दाखवलं आहे.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं. आम्हा मुलुंडकरांसाठी ऐरोलीचा पूल ओलांडला की तो रस्ता. पुढच्या वेळी नागपूरला जाताना मी बघणार तिकिटाचा भाव, निघायची वेळ आणि घरून विमानतळापर्यंतचा खर्च. बोर्डिंगचा झोन सगळ्यात शेवटी. आणि लाडवांचा डबा सॅकमध्ये, सीटखाली. तिथली जागा अजून तरी कुणी विकायला काढलेली नाही.